गणेशपुरी स्टेशन

शनिवार, संध्याकाळ

आज गाडी पडली नाही! शुक्रवारी खालच्या कारखान्यातले कापडाचे लूम बंद, म्हणून मी दर शुक्रवारी निवांत रूळ बसवायचो. शनिवारी लूम सुरू झाले की खोली थरथरायची आणि माझी खेळण्यातली गाडी त्याच वळणावर आडवी. किती महिने हीच चूक! शेवटी सुनंदाच वैतागली, "अहो, लूम चालू असताना बसवा ना." बायकोला सुचतं ते मला का सुचू नये?

दुपारी थरथरत्या फळीवरच बसवले. रूळ कुठे हलतो ते हाताला लगेच कळलं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला.

पलंगाखाली सरकेल एवढीच फळी. तिच्यावर एकच स्टेशन, गणेशपुरी. सुनंदाचं माहेर. तिथे रेल्वे कधी गेलीच नाही, म्हणून तर.

मग सुनंदाने काडेपेटीच्या काडीला हिरवी चिंधी गुंडाळली आणि फलाटावर चिकटवली. "ही आई. एसटी यायच्या आधीच येऊन उभी राहायची." सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली.

लूम चालूच आहेत. काडी थरथरतेय, वाकून वळणाकडे बघत असल्यासारखी. गाडी तिच्यासमोर थांबवलीय. जेवायचं म्हणून मी फळी आत सरकवायला गेलो, तर सुनंदा म्हणाली,

"थांबा जरा. आत्ताच उतरलेय मी."