न वाजणारा पंप

सायखेडा,
५ नोव्हेंबर २०२५

चि. उज्वलास अनेक आशीर्वाद.

पोरी, जुनं घर पाडलं तेव्हा नवा स्लॅब पडेपर्यंत राहायची सोय म्हणून दिवाळीला तुम्ही ही चाकावरची खोली जीपमागं ओढत आणलीत आणि मळ्यात उभी करून गेलात, ते झाक झालं. शेगडी आहे, बेसिन आहे, फ्रिज आहे. पण तिच्या मनात काय आहे ते मला कळेना. रोज संध्याकाळी विहिरीवरून पाइप लावून टाकी काठोकाठ भरतो, आणि सकाळी तोंड धुवायला नळ सोडला की थेंब नाही. छतावरची सोलर प्लेट दिवसभर उन्हात तापते, तरी पहाटे दिवे मेलेले. पाणी पितं कोण आणि करंट खातं कोण?

दुसरं कोडं तुझ्या आईचं. तुम्ही गेलात आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून ती सटाण्याला भारतमामाकडं निघून गेली. का, ते काही उमगत नाही. फोन आला तर नुसती खरखर. तू पण फोन करू नकोस. शेखररावांना विचारून सगळं कागदावर लिहून पाठव.

लेकरांना मुके. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझे आप्पा

हैदराबाद,
१० नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांना उज्वलाचा शि. सा. नमस्कार.

हे म्हणतात, घाबरू नका. नळ उघडला की पंप आपोआप सुरू होतो, बंद केला की थांबतो. नळ बंद असूनही पंपाची घरघर चालूच असेल, तर कुठंतरी पाणी गळतंय असं समजायचं. टाकी रिकामी झाली तरी तो कोरडाच फिरत राहतो आणि बॅटरी खाऊन टाकतो. पंप बेसिनखालच्या कपाटात आहे. रात्री सगळे नळ बंद करून नुसता कानोसा घ्या आणि मला कळवा.

आता आईचं. आप्पा, ती मला रडत म्हणाली, "तुझ्या आप्पांनीच मला जायला होकार दिला." गेली दोन वर्षं तुम्ही तिच्याशी धड बोलत नाही म्हणे, आणि आता मामाकडून ती फोन करते तर तुम्ही "हां हां" करून ठेवून देता. तुम्ही स्वतः बोलावल्याशिवाय नव्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, असं तिनं मामाला सांगून टाकलंय. काय झालंय तुम्हा दोघांत? मला तर काही समजेनासं झालंय.

तब्येतीला जपा, माया आहे तशीच असू द्या.
आपली उज्वला

सायखेडा,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. उज्वलास अनेक आशीर्वाद.

मी कशाला जा म्हणू गं तिला? देवाशप्पथ, तसा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. उलट ती पिशवी भरत होती तेव्हा मी दारात बसून मजा बघत होतो, मला वाटलं माहेरची आठवण आली असेल. आता एकट्याच्या भाकरी कडेनं जळतात, आणि सर्दीनं नाक चोंदलंय म्हणून जळल्याचा वासही येत नाही. ती नाही तर नवीन घराला काय चाटायचं आहे?

पंपाचं सांगतो. तू म्हणालीस तसे सगळे नळ बंद केले, कपाट उघडलं, कान अगदी टेकवला. आवाज बिलकुल नाही. मुका आहे तो. हात लावला तर लय थरथरत होता, पण थंडी पडली आहे, पत्र्याची गाडी, वाऱ्यानं हलत असेल. म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद तर बॅटरी कशानं उतरते? शेखररावांनी इंजिनिअरिंगचा चांगला अभ्यास करून उत्तर द्यावं.

आणखी एक. शेगडीखाली भिंतीला पांढरी डबी आहे, तिच्यावर कालपासून लाल दिवा लुकलुकतो. शोभेला बरा दिसतो. तो कशाचा?

आईला माझ्या वतीनं समजाव. जीव लावता, असाच लावत राहा.
तुझे आप्पा

हैदराबाद,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हे डोकं धरून बसले. थरथरणारा पण आवाज न करणारा पंप यांनी जन्मात पाहिला नाही. आता त्या पांढऱ्या डबीचं. आप्पा, ती गॅस गळतीची सूचना देणारी डबी आहे! लाल दिवा लागला की ती इतकी किंचाळते की झोपलेला माणूस उठून पळावा, आणि तुम्ही तर आवाजाचा उल्लेखही केला नाहीत. का ती पण मुकी झाली?

मी आज तुम्हाला पाच-सहा वेळा फोन केला, तुम्ही उचललाच नाही. म्हणून वस्तीवर मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या ज्ञानेशभाऊंना फोन लावलाय, ते लगेच निघतायत. हे पत्र मिळेपर्यंत सगळं ठीक झालेलं असू दे.
आपली काळजीत पडलेली उज्वला

सायखेडा,
२० नोव्हेंबर २०२५

चि. उज्वलास अनेक आशीर्वाद.

काल तो ज्ञानेश आला आणि त्यानं काय तमाशा केला म्हणून सांगू! मी चहाला आधण ठेवायला काडी पेटवणारच, तर हा धावत आत घुसला, हातातली काडेपेटी हिसकावली आणि मला दंडाला धरून खाली ओढलं. माझा जावई कधी असा वागला असता का? मग सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या. माझ्याकडं बघून हातवारे करत काहीबाही बोलत होता. मी आपली मान डोलावली. तर तो आणखीनच भडकला. मी परत डोलावली. गाडीच्या मागं जाऊन एक झाकण उघडलं, आत पाय धुवायचा नळ होता, तुमच्या पोरांनी अर्धवट सोडलेला. तो बंद केला. तिथं खाली चिखल होता, मला वाटायचं पाटाचं पाणी मुरतंय.

आज टाकी भरलेली आहे, दिवेही जळतात. पण ज्ञानेश फार तापट, बाई. आशीर्वाद.
तुझे आप्पा

हैदराबाद,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पा, नमस्कार.

ज्ञानेशभाऊ म्हणाले, बांधावरूनच डबीची किंकाळी ऐकू येत होती आणि पंप गिरणीसारखा घरघरत होता. रेग्युलेटरची रबरी रिंग आधी थोडी चिरलेली, ती त्या दिवशी पुरतीच फाटली होती, आत गॅस भरला होता. एक काडी ओढली असतीत तर काय झालं असतं, हे लिहवत नाही.

तुम्हाला ऐकू येत नाही. खरं ना, आप्पा? दिवाळीत पोरांच्या गलक्यात तुम्ही हसून मान डोलवत होतात आणि मला वाटलं, आप्पा खुशीत आहेत. का लपवलंत? आम्ही काय तुम्हाला टाकून दिलं असतं? मी सगळं आईला सांगितलंय. ती खूप रडली. रागावू नका, मी खूप घाबरले आहे.
तुमचीच उज्वला

सायखेडा,
३० नोव्हेंबर २०२५

चि. उज्वलास अनेक आशीर्वाद.

होय गं, खरं आहे. सुरुवातीला एक कान गेला, मग दुसराही. लाज वाटली. म्हातारा बहिरा झाला म्हटलं की बाजारात कोणी भाव विचारत नाही, घरात कोणी सल्ला विचारत नाही. म्हणून एक युक्ती काढली. समोरचा बोलायचा थांबला की हसायचं आणि मान डोलवायची. लोकांना शहाणा वाटतो माणूस.

परवा तुझी आई एसटीतून उतरली. कानाशी तोंड आणून ती ओरडली तेव्हा कळलं, तुम्ही गेलात त्या संध्याकाळी ती माझ्याशी काय बोलली होती. ताट वाढून तिनं विचारलं होतं, "मी तुम्हाला नकोशी झालेय का? जाऊ का मी?" आणि मी हसून मान डोलावली होती.

उज्वला, मी रडलो. तिला म्हटलं, तेच पुन्हा विचार, पण इथं, कानात. तिनं विचारलं. मी नाही म्हणून इतक्या जोरात ओरडलो की मळ्यातली माणसं खुरपणी सोडून धावत आली.

उद्या सोमवारी ती मला कानाच्या डॉक्टरकडं नेणार आहे.
तुझे आप्पा