निळी किटली म्हणजे चार नव्हे

मी, एल्स्पेथ किनियर, वय एक्याऐंशी, पिटनवीमचे मासेविक्रेते कै. डेव्हिड किनियर यांची कन्या, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, माझी बुद्धी ठिकाणावर असताना (प्रा. रॉडरिक बाल्फर यांचे मत वेगळे आहे, ते विचारात घेऊ नये) कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते.

१. बंदरावरचे घर भाची उना हिला. दर गुरुवारची चर्चा तिथेच भरेल. एकच माणूस आला तरी चहा ठेवावा.

२. वडिलांचा मासे कापायचा सुरासुद्धा उनाला. लहानपणी वडील विचारत, "किती?" मी म्हणे, "सोळा." की ओरडलेच! "सोळा काय गं? मासे, जोड्या की टोपल्या? आधी काय ते सांग, मग मोज!" पुढे चाळीस वर्षे मी विद्यापीठात हेच शिकवले, फक्त पगार घेऊन.

३. आता रॉडरिक. १९८७ साली भर सभेत मी मांडले, की संख्या या खऱ्या वस्तू आहेत. दिसत नाहीत, हाती लागत नाहीत, पण आहेत. कप आणि बशा एकास एक जुळल्या, की दोहोंची संख्या तीच. हा उठला आणि चहाच्या टेबलावरची माझी निळी चिनी मातीची किटली उचलून म्हणाला, "अगं, मग ही किटलीच चार नाही कशावरून? तुझा नियम तर यावर गप्प आहे!" नियम गप्प होता. सभा खो खो हसली. "मासेवाल्याची पोर, मोजण्यापलीकडे काय येणार!" हे मागून कोणीतरी म्हणालेलेही मी ऐकले.

तेव्हापासून एकतीस वर्षे दर गुरुवारी तेच. "एल्स्पेथ, चार दे बघू इकडे, चहा ओततो." मेला माझ्या शोकसभेतही किटली उंचावून हेच बोलेल आणि शेवटचा शब्द त्याचा ठरेल. ते मी होऊ देणार नाही.

४. उत्तर वडिलांचेच आहे: आधी काय ते सांग. 'ही तीच का?' हे ठरवायची प्रत्येक प्रकारच्या वस्तूची कसोटी वेगळी. किटलीची तिच्या मातीत, संख्येची जोड्यांत. पटत नाही? म्हणून आज सही करण्यापूर्वी, साक्षीदारांसमोर, मी ती किटली माझ्या हाताने फरशीवर आपटली. जीव तुटला, आईची होती ती. पण टेबलावर कप आपापल्या बशीत जसेच्या तसे.

तुकडे रॉडरिकला द्यावेत. चारला खरचटलेदेखील नाही.

सही: एल्स्पेथ किनियर
पिटनवीम, ९ मार्च २०१८

साक्षीदार:
नेटी ग्रे, शेजारीण.
टॅम ब्रेमनर, मासेविक्रेता. किटली फुटताना पाहिली. नंतर मोजले: चार. कप.