मगरीबनंतरचा पाऊस

प्रिय अब्बा,

काल माझा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. अम्मी सकाळपासून गल्लीभर सांगत फिरतेय. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, आणि माफीही मागायची होती, म्हणून लिहितेय.

नगर शहरातला पाऊस वर्षागणिक कसा बदलतो, हे मी उपग्रहाच्या आकड्यांवरून पाहत होते. तुम्ही हसायचात. "उपर से केडगाव की गल्ली दिखती क्या गे?" खरंच दिसत नव्हती. उपग्रहाच्या एका चौकोनात जवळपास अख्खं शहर मावतं. म्हणून जमिनीवरची मोजणी हवी होती, आणि ती आपल्याच गच्चीवर होती. माझ्या शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्ही पत्रा कापून पर्जन्यमापक बनवलात. प्रकल्प संपला, तुमची वही चालूच राहिली. तारीख, पाऊस किती, आणि कोणत्या नमाजनंतर पडला, तेवढंच लिहायचात.

दोन्हीकडचे आकडे मी ताडून पाहिले. दिवसाचा पाऊस जुळला. रात्रीचा मात्र तुमच्या वहीत एक दिवस उशिरा. मी म्हणाले, "अब्बा, तुम्ही दुसऱ्या दिवशी आठवून लिहिता."

"मैं भीगते उपर जाता, बेटा," एवढंच तुम्ही म्हणालात.

मी वही बाजूला ठेवली. तुम्ही मोजत राहिलात, शेवटच्या पावसाळ्यातही. माझ्यावर रागावला का नाहीत? एकदा तरी भांडायचं होतं.

तुम्ही गेल्यानंतरचा पहिला रमजान आला. चांद दिसला आणि अम्मी म्हणाली, "चलो, पहली तारीख लगी." मी तशीच उठून वही काढली. आपली तारीख मगरीबला, सूर्य मावळताच बदलते, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी सुचलं नाही. सूर्य मावळल्यावरचा पाऊस तुम्ही पुढच्या तारखेला लिहीत होतात, बस. 'मगरीब' आणि 'ईशा' लिहिलेल्या, म्हणजे संध्याकाळच्या आणि रात्रीच्या नमाजनंतरच्या नोंदी एक दिवस मागे घेतल्या. जुळत गेल्या. कुठे दोन-चार राहिल्या असतील, त्यात चूक उपग्रहाचीही असेल.

आता एक पूर्ण प्रकरण तुमच्या वहीवर आहे. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तेच आधी वाचलं. मला बरं वाटतंय, अब्बा, खूप दिवसांनी.

कोल्हारला एक आजोबा पावसाची नोंद ठेवतात म्हणे. पुढच्या आठवड्यात जाणार आहे. त्यांचा एकही आकडा तपासायच्या आधी शेजारी बसून विचारीन, तुमचा दिवस कधी सुरू होतो? तुम्हाला विचारलं नाही. यापुढे प्रत्येकाला विचारीन.

तुमची,
नसीम