उजवा रकाना

नेरूळ, नवी मुंबई
आश्विन शुद्ध पंचमी, शके १९१८
ऑक्टोबर १९९६

सन्मित्र हौसेराव यांस,
नामदेवचा सप्रेम नमस्कार.

आपले पत्र सोमवारी पावले. वाईच्या मठातील खोलीला आपण चुना काढून घेतला, खिडकीला नवी कडी बसवली, हे वाचून संकोच वाटला. येथे घट बसले आहेत. धान्य हिरवेगार उगवले आहे. गुडघे दुखतात, तरी पारायणापुरती मांडी घालता येते, एवढी देवीची कृपा. सून वैजयंती अष्टमीच्या तयारीत आहे. नात जाई नववीत. तिची सहामाही परीक्षा जवळ आली. खोलीविषयी शेवटी लिहितो.

आधी माझ्याच दोन पत्रांतील मजकूर मला दुरुस्त करावयाचा आहे.

फाल्गुनात गोजराच्या वर्षश्राद्धाला सुधीर बसला नाही, असे मी कळवले होते. ते खरे. परंतु कंपनीत बदली माणूस आला नाही म्हणून त्याला पाळी सोडता आली नाही. दुपारी चार वाजता धापा टाकीत येऊन, अंघोळ करून, तो आईच्या तसबिरीपुढे हात जोडून उभा राहिला, हे मी लिहिले नव्हते. मी तेव्हा पाठ फिरवली. त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला. अधिक मास धरून आठ महिने.

दोन खोल्यांच्या घरात अबोला पाळायचा, तर मध्ये कोणीतरी लागते. वैजयंतीने पहिल्याच दिवशी सांगितले, "अण्णा, मला यात घेऊ नका. मी दोघांना वाढीन, निरोप पोचवणार नाही." तेव्हा ते काम जाईकडे आले. एकाच पंगतीला बसून मी म्हणायचे, "जाई, बाबाला सांग," आणि त्याने म्हणायचे, "जाई, अण्णांना सांग."

काल दुपारी जाईने इंग्रजी व्याकरणाची वही माझ्यापुढे ठेवली. एकाचे प्रत्यक्ष बोलणे दुसऱ्याच्या तोंडून सांगितल्यासारखे लिहायचे, असा पाठ. आपल्या संस्कृतात बोलणाऱ्याचे शब्द अभंग ठेवून पुढे 'इति' जोडले की भागते. इंग्रजीत सर्वनाम, काळ, सारेच पालटावे लागते. बाईंनी घरात ऐकलेली दहा वाक्ये आणायला सांगितली होती. जाईला दहापैकी दोन गुण. जवळजवळ प्रत्येक ओळीशी लाल शाईत 'अर्थ बदलला', आणि तळाशी 'पालकांची सही आणावी'.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच, पण वाचता आले. डाव्या रकान्यात माझे वाक्य: "त्याला सांग, त्याने आणलेले तेल मला नको." उजव्यात: आजोबा म्हणाले की तेलाने गुडघ्यांना आराम पडला. डावीकडे सुधीरचे: "काय करायचं ते करू देत त्यांना." उजवीकडे: बाबांनी विचारले की आजोबांना काही हवे आहे का.

तेलाची बाटली संपण्याआधी दुसरी का येत होती, ते मला त्या क्षणी उमगले.

"तू हे असेच सांगत होतीस?" मी विचारले.

"मग काय, आजोबा? तुमी बोलता ते तसंच सांगितलं असतं तर रोज राडा झाला असता. टेन्शन मला!"

"आणि गुण?"

"दोन मिळाले ना. एक आईच्या वाक्याचा, एक दूधवाल्याच्या."

मला हसू आले, हौसेराव. पण मग दहावे वाक्य वाचले. "त्याला सांग, दसऱ्यानंतर मी वाईला कायमचा जातो. माझे श्राद्धही त्याने करू नये."

हे मी बोललो होतो. अनंत चतुर्दशीच्या दिवशी, तोंडात बाप्पाचा प्रसाद असताना. आपणांस लिहिण्याचे धैर्य झाले नाही. एवढेच कळवले की मुलाला सांगितले, त्याने अडवले नाही. तीन आठवडे मी त्याचे तोंड निरखीत होतो. तो काही बोलेना. त्याचे मौन हीच संमती, असे मी धरून चाललो.

उजवा रकाना कोरा होता.

"हे राहिले?"

जाईने मान खाली घातली. "ह्याचं काय करायचं ते सुचलंच नाही. म्हणून बाबांना सांगितलंच नाही."

माझ्या मुलाने मला जाऊ दिले नव्हते. त्याला काही ठाऊकच नव्हते.

साडेतीनला तो पाळीवरून आला. दार मी उघडले आणि विचारले, "चहा घेतोस?"

तो चपला हातात धरून तसाच उभा राहिला. मग सवयीने आत पाहून म्हणाला, "जाई, अण्णांना सांग, घेईन."

"मी नाही सांगणार," आतून उत्तर आले. "माझी परीक्षा आहे."

चहा शेवटी त्यानेच केला, आणि निम्मा उतू घालवला. कप हाती घेऊन मी म्हणालो, "त्या दिवशी मी पाठ फिरवली, तो अपराध माझा." बशीत सांडलेला चहा त्याने कपात परत ओतला. "अण्णा, येत्या फाल्गुनातली रजा मी जूनमध्येच सांगून ठेवलीये. जाईकडून निरोपही दिला होता."

"दिला होता मी!" जाई ओरडली. "आजोबा नुसतं 'हूं' म्हणाले!"

तेही खरे असणार. एवढी पारायणे केली, आणि घरातला गोड शब्द कानांवरून गेला.

दहावे वाक्य मी सुधीरला सांगितले नाही, सांगणारही नाही. उजवा रकाना मात्र मी स्वतःच्या हाताने भरला: आजोबा म्हणाले की ते कोठेही जात नाहीत. बाई यालाही लाल रेघ मारतील, तर खुशाल मारोत.

तेव्हा खोली कोणा गरजू यात्रेकरूस द्यावी. आपणांस व्यर्थ श्रम दिले, क्षमा असावी. फाल्गुनात गोजराच्या श्राद्धाला आपण यावे. पिंडदानाला सुधीर बसेल.

पालक म्हणून वहीच्या तळाशी जी सही केली, तीच येथे करतो.

आपला,
घरीच असलेला,
नामदेव