आग लागली तर मी आहे

३ जून
आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा. म्हणून ही रोजनिशी सुरू.
सकाळी मेहुण्यांनी सगळ्यांना शिवणखात्यात गोळा केलं. अग्निशमन खात्याचं पत्र आलंय. महिनाअखेरीस अधिकारी तपासणीला येणार. आग विझवायचे सिलिंडर, त्यांच्या नोंदी, बाहेर पडायचे रस्ते, सगळं बघणार. आपला सोफा-गाद्यांचा कारखाना. म्हणजे फोम, कापड, लाकूड आणि चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे. काही कमी निघालं तर परवान्याचं नूतनीकरण नाही, शटरला सील. मेहुण्यांनी विचारलं, हे काम कोण बघेल? सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मी पंखा जरा कमी करा हे सांगायला हात वर केला. मेहुणे म्हणाले, ठरलं.
नेतृत्वगुण असे लपत नाहीत. पंख्याचं कोणाला बोललो नाही.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, दादाला दुसरं कोणी मिळालं नाही का? सख्ख्या भावाच्या निवडीवर हा अविश्वास! मग म्हणाली, “अहो, खरंच मनावर घ्या हं. दादाने आयुष्य घातलंय त्या कारखान्यात.” मी म्हटलं, आग लागली तर मी आहे. ती म्हणाली, तीच तर काळजी आहे.

४ जून
आधी सिस्टिम, मग काम. जाड रजिस्टर आणलं. तीन रंगांची पेनं. पट्टी. मुखपृष्ठावर ‘अग्निसुरक्षा प्रमुख’ लिहिण्यात दुपार गेली. ‘प्रमुख’ जागेअभावी खालच्या ओळीत गेला, म्हणून दुसरं रजिस्टर आणलं.
सिलिंडर उद्या.

७ जून
पाहणी केली. कारखान्यात काय चाललंय ते आज कळलं. एक सिलिंडर दार उघडं राहावं म्हणून दाराला लावलेला. एकावर शिवणखात्यातल्या मास्तरांचा शर्ट वाळत होता. एक फोमच्या गुंडाळ्यांमागे, तिथे पोचायला मला आडवं व्हावं लागलं. मास्तरांना खडसावलं. ते म्हणाले, शर्ट काढतो, पण तुमचा डबा कुठे ठेवलाय तेही बघा. माझा जेवणाचा डबा इलेक्ट्रिकच्या पॅनेलवर असतो. तिथे तो गरम राहतो. हा वेगळा विषय आहे.
महत्त्वाचा शोध: प्रत्येक सिलिंडरवर छोटं घड्याळ असतं. काटा काहींवर हिरव्यात, दोनांवर लालमध्ये. म्हणजे दोनच आगीसाठी सज्ज, बाकीचे थंड पडलेत! तातडीने सिलिंडरच्या सर्व्हिसवाल्याला फोन केला, सगळे काटे लालमध्ये आणून द्या म्हणून. त्याने मला तेच पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, “साहेब, हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे आतलं प्रेशर गेलंय. तुम्ही लालवाल्यांना हात लावू नका, मी येतो.”
मी त्याची परीक्षाच घेत होतो. पास झाला.

११ जून
सर्व्हिसवाला आला. दोन सिलिंडर बदलून भरलेले देऊन गेला. जाताना सांगितलं, दर महिन्याला स्वतः जाऊन बघा: काटा, पिन, पाइप, आणि समोर काही अडचण नाही ना. बघितलं की टॅगवर तारीख आणि सही. एवढंच काम आहे, पण प्रत्यक्ष बघा. ‘प्रत्यक्ष’ त्याने दोनदा म्हटलं. माझ्याकडे बघून का म्हटलं, कळलं नाही.
त्याचा टॅग साधा पुठ्ठ्याचा, दोऱ्याने बांधलेला. फारच गबाळा प्रकार. मी लॅमिनेटेड करून घेणार.

१३ जून
टॅग आले. माझा फोटो, पद, सहीला जागा. फोटोत मी जरा कडक आलोय, पण आगीच्या बाबतीत तेच बरं. दोऱ्याऐवजी प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या, एकदा आवळल्या की सुटत नाहीत त्या. टॅग इकडेतिकडे लोंबू नये म्हणून पिन आणि हँडल दोन्हींतून घालून करकचून आवळल्या. मास्तर बघत होते. म्हणाले, पिन ओढायची कशी? मी म्हटलं, मास्तर, पिन उगाच कोणी ओढू नये यालाच सुरक्षा म्हणतात.
समाधानाची झोप लागणार.

१६ जून
संकल्प: रोज सकाळी कामाला लागण्याआधी पूर्ण फेरी. महिन्यातून एकदा बघणं म्हणजे किमान झालं. आपण कमाल करायची.

१७ जून
फेरी उद्यापासून. आज बिलं होती.

१८ जून
गुडघा. फोमच्या मागे आडवं होण्याचे परिणाम.

१९ जून
फेरीचा खरा गाभा काय? नोंद. मग नोंद आधी का नको? खुर्चीत बसून महिन्याच्या सगळ्या तारखांपुढे ‘पाहणी केली, सर्व ठीक’ लिहून सह्या करून टाकल्या. एकाच बैठकीत ३१ जूनपर्यंत काम हातावेगळं. अक्षर शेवटपर्यंत एकसारखं. आता नुसतं फिरायचं राहिलं, ते तर कधीही होईल.
मेहुण्यांना रजिस्टर लांबून दाखवलं. त्यांनी पाठ थोपटली. त्यांना एवढं मोकळं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

२० जून, दुपारी
घटना घडली. शांतपणे लिहितो.
तपासणीच्या दिवशी घालायला दंडावरची लाल पट्टी शिवून घेतली होती. तिला शिवणखात्यात इस्त्री करत होतो. तेवढ्यात फोन आला, सर्व्हिसवाल्याचाच, म्हणजे सुरक्षेचंच काम. बोलत बोलत बाहेर गेलो. परत आलो तर टेबलावरून धूर. पट्टी गेलेली, तिच्याखालचा कव्हरच्या कापडाचा तागा पेटत होता.
मी भिंतीवरचा सिलिंडर काढला. पिन निघेना. प्लॅस्टिकची पट्टी तुटेना. दाताने ओढली. दुसऱ्या सिलिंडरकडे धावलो. त्यालाही माझा फोटो. मास्तरांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, प्लग ओढला आणि तागा जमिनीवर ढकलून पाण्याची बादली ओतली. मग दुसरी. विझलं.
सगळं मिळून फार वेळ गेला नसेल. मला मोठा वाटला. सिलिंडर परत भिंतीला टांगताना हूक तीनदा चुकला. चहा जास्त झाला असावा.
मेहुणे आले. जळका तागा बघितला, सिलिंडर बघितला, माझ्या दातात अडकलेला प्लॅस्टिकचा तुकडा बघितला. मग तो ओला तागा स्वतःच उचलून बाहेर नेला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० जून, घरी
इस्त्री कोणी चालू ठेवली याची चौकशी मी स्वतः करणार आहे. प्राथमिक तपासात इस्त्रीच दोषी आढळते.
बायकोला थोडक्यात सांगितलं. तिला आधीच पूर्ण माहीत होतं. तिने आधी माझी बोटं उलटसुलट करून बघितली, भाजलंय का. मग म्हणाली, “पट्ट्या कापून टाका. उद्याच.”

२१ जून
पट्ट्या कापल्या तर टॅग पडतील. मधला मार्ग काढला. प्रत्येक सिलिंडरशेजारी एक कात्री. आग लागली की कात्री घ्या, पट्टी कापा, पिन ओढा. कारखान्यात कात्र्या पळवल्या जातात, म्हणून त्या कात्र्याही पट्टीने भिंतीच्या खिळ्याला आवळून टाकल्या.
मास्तर आज माझ्याशी फारच आदराने बोलतात. ‘प्रमुख’ म्हणतात.

२६ जून
तपासणी झाली.
अधिकारी बाई आल्या. मला पुरुष अपेक्षित होता, तेवढ्यावरून भाषणाची सुरुवात चुकली. त्यांनी भाषण ऐकलं नाहीच. पहिल्या सिलिंडरसमोर उभ्या राहिल्या. टॅग बघितला, मला बघितलं, पुन्हा टॅग. मग कात्री ओढून बघितली. निघाली नाही. म्हणाल्या, ही सोडवायला दुसरी कात्री कुठे आहे? प्रश्न मुद्देसूद होता. मी नोंद घेतली.
रजिस्टर उघडलं. बराच वेळ एकच पान बघत होत्या. मला वाटलं, अक्षर आवडलं. विचारलं, आज तारीख काय? मी म्हटलं, सव्वीस. त्या म्हणाल्या, मग एकोणतीसला सर्व ठीक असणार आहे हे तुम्हाला आजच कळलंय? मी म्हटलं, नियोजन. त्या म्हणाल्या, “आणि एकतीस जूनला?”
मेहुण्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.
सील लावलं नाही. आठवड्याची मुदत दिली. पट्ट्या काढा, फोम हलवा, खऱ्या नोंदी ठेवा, सगळ्यांना बाहेर कसं पडायचं ते शिकवा. मुदत संपली की मी पुन्हा येणार, तेव्हा सराव करून दाखवा. जाताना मेहुण्यांना हळू आवाजात म्हणाल्या, दुसरं कोणी आहे का?

२७ जून
दुसरं कोणी म्हणजे माझी बायको. लग्नाआधी ती इथेच काम करायची. सकाळीच आली. पदर खोचला, कात्री घेतली आणि कारखानाभर नुसता कट-कट आवाज. माझे फोटो एका खोक्यात. फोम मागच्या शेडमध्ये. पॅनेलवरचा डबा माझ्या हातात. संध्याकाळपर्यंत प्रत्येक सिलिंडर मोकळा, समोर मोकळी जागा, पुठ्ठ्याचा टॅग, दोरा, आजची तारीख, तिची सही. रजिस्टर नवीन. मुखपृष्ठावर काहीच लिहिलं नाही.
मी सल्लागार म्हणून सोबत फिरत होतो. तिने मला पायरीवर बसवलं.

३० जून
मला काढलेलं नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. जबाबदारीचं पुनर्वाटप झालंय. सरावात सर्वांत अवघड भूमिका माझी: धुराने बेशुद्ध पडलेला माणूस. गोडाउनमधल्या तीन माणसांच्या सोफ्यावर पडून राहायचं. मास्तर आणि एक जण येऊन उचलून नेणार. भूमिकेवर काम सुरू केलंय. घरी दोनदा बेशुद्ध पडून दाखवलं. बायकोने जेवण गार होतंय म्हणून उठवलं.

३ जुलै
सराव पार पडला. अधिकारी बाई हजर. घंटा झाली तेव्हा मी डोळे मिटून, श्वास मंद करून सोफ्यावर. भूमिका इतकी समरसून केली की झोप लागली.
जाग आली तेव्हा सगळीकडे शांतता. उचलायला कोणी आलंच नव्हतं. मास्तरांना वाटलं दुसऱ्याने नेलं, दुसऱ्याला वाटलं मास्तरांनी. मी चालत बाहेर आलो. समोरच्या मोकळ्या जागेत चहा चालला होता. अधिकारी बाई निघून गेल्या होत्या. मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी, हातात प्रमाणपत्र. कारखाना वाचला. त्यांनी मला मिठी मारली आणि विचारलं, कुठे होतास, ऑफिसात का?
प्रमाणपत्र वाचलं. शेरा उत्तम आहे, जसाच्या तसा उतरवतो: ‘बाहेर जमल्यावर मोजणी केली, सर्व माणसं सुखरूप, आत कोणीही राहिलेलं नाही.’