त्या तक्त्यात मल्लिनाथ नाही

सोलापूर, १२ फेब्रुवारी

ती. आईस महेश्वरचा शरणु.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. आज दिवसभर पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलो. जेवण झालं आहे, तुझ्या कडक भाकऱ्या अजून उरल्या आहेत.

हवालदार पेपर वाचत होते. शेजारच्या देशांत किती खून होतात आणि आपल्याकडे किती, असा तक्ता छापून आला होता. तो मला दाखवून म्हणाले, "बगा गुरुजी, शेजाऱ्यांपेक्षा आपलं लई बरं हाय की."

मी विचारलं, "यात माझा धाकटा भाऊ धरला आहे का?"

"त्यो अपघात हाय. कागदावर तुमचीच सही हाय की."

सही माझीच आहे, आई. दिवस मावळायच्या आत मल्लिनाथला माती द्यायची होती आणि सहीशिवाय पोलीस त्याला ताब्यात देत नव्हते. मी शिक्षक असून कागद वाचला नाही. डोक्यात मागून तीन घाव, गाडी आणि मोबाईल गायब, आणि कागद म्हणतो की तो घसरून पडला. असे किती जण गाळून हा तक्ता होतो? शेजारीही असेच गाळत असतील. मग ही माणसं तुलना कशाची करतात?

खुनाचा गुन्हा नोंदवा असा माझा अर्ज त्यांनी आज घेतला नाही. उद्या पुन्हा देणार, आणि पोच मिळेपर्यंत उठणार नाही. तू काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? मल्लिनाथची काव्या बापाबद्दल विचारते का? तिला अपघात झाला असं सांगू नका.

उद्याही हाच शर्ट लागेल, तो आता धुऊन दोरीवर टाकतो.

तुझा,
महेश्वर