आपल्या कपाटातील सोल्यूशनच्या डब्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
रसायन सुरक्षा कार्यालय, दुसरा मजला.

विषय: नमुना म्हणून जमा केलेला डबा तातडीने हलविणे व आमच्या शेडमधील सोल्यूशन बंद करणेबाबत.
संदर्भ: आपले पत्र, "धोका आढळून आला नाही."

महोदय,

१. मी बुटांना सोल चिकटविण्याच्या शेडमध्ये कामास आहे. माझी धाकटी जाऊ माझ्याच टेबलावर बसते. ज्या सोल्यूशनने आम्ही सोल चिकटवितो, त्याच्या डब्यावर ना नाव, ना विषाची खूण. मालकांस विचारले असता, "तुम्हाला चिकटवायचंय की प्यायचंय?" असे उत्तर मिळाले. मात्र ते भडकते म्हणून काडेपेट्या दारातच काढून घेतात. एवढे त्यांनाही कळते.

२. जावेच्या पायांस मुंग्या येत असत. आता मुंग्याही येत नाहीत. मागील आठवड्यात ती घरी आली, तेव्हा चपलेतून आरपार गेलेला खिळा तिच्या टाचेत होता आणि बाई माझ्याशी हसत बोलत होती. चप्पल सोबत जोडली आहे. तिच्या पदरात तान्हे लेकरू आहे. त्याला कडेवर घेऊन जिना उतरायची आम्ही तिला बंदी केली आहे. लिहिताना जीव तुटतो, साहेब. डॉक्टर म्हणतात, सोल्यूशन आत्ता सुटले तर पाय वाचतील. पण काम सोडले तर चूल कशी पेटायची?

३. आपले निरीक्षक आले. त्यांनी सर्वांस विचारले, "वास येतो का?" सर्वांनी खरे तेच सांगितले, की येत नाही. त्यावरून धोका नाही असे ठरले. अहो, आम्हाला दूध करपल्याचा वास येत नाही! मेलेल्याला ताप आहे का विचारावे, तशातली गत झाली.

४. फेरतपासणीसाठी नमुना मागितल्यावरून मी डबा आपल्याकडे जमा केला. प्रयोगशाळेत पाठवायला वरची सही लागते, म्हणून तो बाहेरच्या खोलीतील कपाटात ठेवला गेला. काल मी चौकशीस आले, तर रबरी झाकण विरघळून आत बसलेले, फळी ओली आणि माझ्या डोळ्यांना धारा. आपले शिपाईदादा म्हणाले, "ताई, आधी फार वास मारायचा, डोकं उठायचं. आता काही नाही, सवय झाली." कपाटाला लागूनच त्यांची चहाची शेगडी आहे.

५. मी तिथल्या तिथे आरडाओरडा केला. कारकून म्हणाले, "तोंडी तक्रार घेत नाही, अर्ज करा." सबब हा अर्ज.

६. तो डबा आमचा एकुलता एक पुरावा आहे. तो गेला तर शेडमधले सोल्यूशन बंद व्हायचे नाही आणि माझी जाऊ कायमची बसली म्हणून समजा. तरी डबा आजच्या आज प्रयोगशाळेत धाडावा, निकाल येईतो शेडमधील वापर थांबविण्याचा हुकूम काढावा. त्याआधी सर्व खिडक्या उघडाव्यात, शिपाईदादांना बाहेर बोलवावे आणि अर्ज वाचून होईपर्यंत, कृपा करून, चहा सांगू नये.

आपली नम्र,
सोल चिकटविणारी बाई
दिनांक: आजचाच

ता. क. उत्तरासाठी खाली थांबले आहे, रस्त्याच्या पलीकडे.